त्या नऊ काळ्या मण्यांचं काय?

नागपूरच्या एका आईचं पत्र आहे, नाव अर्थातच देत नाही. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत, धाकटा अडीच वर्षांचा, घरात सासूबाई, नवराबायको दोघंही नोकरीवर. उन्हाळ्याच्या सुट्टीत मावशीने मुलीला रंगीत मण्यांची ब्रेसलेट बनवायचं किट आणून दिलं आणि पोरीने ठरवून टाकलं की जूनमधल्या वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट विकत आणायचंच नाही, मीच बनवणार, बावीस. बारा दिवस दुपारभर बसून तिने ती बनवली, प्रत्येकावर मैत्रिणीचं नाव. आदल्या रात्री आई पॅक करायला बसली तेव्हा तिला दिसलं की काहींचे रंग भलतेच आहेत, गाठीजवळ दोन पिवळे मणी शेजारी आलेत, नावात 'ए'च्या जागी उलटा 'व्ही' लावलाय आणि सगळ्या ब्रेसलेटमध्ये मधेच एकेक काळा मणी, कारण नसताना. गाठी पण सैल. रात्री दीड वाजेपर्यंत जागून तिने नऊ ब्रेसलेट सोडली आणि 'नीट' ओवून ठेवली, तेरा वेळेअभावी राहिली. वाढदिवसाला एका मैत्रिणीने विचारलं, "तिच्यात काळा मणी आहे, माझ्यात काहून नाही?" पोरीने ब्रेसलेट पाहिलं, मग आईकडे पाहिलं, बोलली काहीच नाही. रात्री किटचा डबा आईच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "आता तूच बनव." त्याला तीन आठवडे झाले, डबा तसाच कपाटावर आहे.

आई विचारते, हे सगळं तिला सांगून माफी मागू की विसरू देऊ? मोठं किट आणून देऊ का, बाराशेचं पाहून ठेवलंय. नवरा म्हणतो एका ब्रेसलेटमागे दहा रुपये दे, बघ कशी बसते. सासूबाई म्हणतात पोट्टी हट्टी आहे, लाड करू नका. काढलेले काळे मणी अजून ड्रॉवरमध्ये पडून आहेत.

ताई,

तुमचं पत्र वाचून पहिले मी हसले आणि मग एकदम गप्प झाले, कारण हे मी केलेलं आहे. मण्यांचं नाही, बैलाचं. आमचा पोट्टा सहा वर्षांचा असताना तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याला, त्याने स्वतःच्या हाताने लाकडी नंदी सजवला होता, एकाच शिंगाला मणी गुंडाळलेले, गळ्यात घुंगरांऐवजी बाबाच्या जुन्या स्कूटरची किल्ली, पाठीवर झूल म्हणून माझ्या ब्लाउजपीसचा तुकडा तिरपा. मी म्हटलं सजावटीची स्पर्धा आहे, लोकं पाहतील, आणि तो दुपारी झोपला तेव्हा दोन्ही शिंगांना मोत्याच्या लडी, गळ्यात घुंगरू, झूल सरळ, सगळं करून ठेवलं. बक्षीस मिळालं, उत्तेजनार्थ, स्टीलची प्लेट. त्याने ती घरी येऊन माझ्या हातात दिली. आज तो कॉलेजात आहे आणि अजूनही त्या प्लेटला "मम्मीची प्लेट" म्हणते, त्यात जेवत नाही. तर मी काही वरून उपदेश करून राहिली असं समजू नका, आपण दोघी एकाच पंगतीतल्या.

आता तुमच्या पत्रातला एक शब्द घेऊ. तुम्ही चारदा लिहिलंय, "चुका". रंगाच्या चुका, अक्षराच्या चुका, गाठीच्या चुका, काळ्या मण्याची चूक. मला वाटतं यातली फक्त एक चूक होती, बाकी तीन नव्हत्या, आणि तुम्ही घाईत चारही एकाच कात्रीने कापल्या.

दोन पिवळे शेजारी आले ते पहा. साधे 6 मिलिमीटरचे मणी असतील आणि ब्रेसलेट 15 सेंटीमीटरचं, तर 25 मणी बसतात. पोरीने पिवळा, लाल, हिरवा असं तीनचं डिझाइन धरलं असेल तर 24 व्या मण्याला ते बरोबर पूर्ण होतं आणि 25 वा मणी पहिल्याच रंगाचा येतो, मग गाठ मारली की तो आणि पहिला एकमेकांना चिकटणारच. हा तीनचा पाढा आहे ताई, तिसरीचा. एक मणी काढला असता तर 24, दोन वाढवले असते तर 27, दोन्हीत जमलं असतं, आणि हे तिला आणखी चार ब्रेसलेट बनवताना आपोआप कळलं असतं, "अरे हे दर वेळी काहून होते" म्हणून. तो शोध लागायच्या आदल्या रात्री तुम्ही तो पुसून टाकला.

आणि उलटा व्ही! मी तर म्हणते त्या पोरीला शाबासकी द्यायला हवी होती. ही किटवाली अक्षरं कोणी भरतं कुणास ठाऊक, बऱ्याच किटमध्ये सगळी अक्षरं साधारण सारखीच टाकलेली असतात आणि आपल्या पोरींची नावं म्हणजे नुसते ए, एकटी 'आराध्या' इंग्रजीत लिहायची तर चार ए खाते, वर्गात अशा दोन असल्या की पाकीट खलास, क्यू आणि एक्स मात्र शेवटपर्यंत तसेच पडून. अशा वेळी आठ वर्षांच्या पोरीला सुचतं की व्ही उलटा केला की बिनआडव्या दांडीचा ए होतो. दुकानात न जाता, कोणाला न मागता. तुम्ही रात्री जादा पाकिटातले ए काढून तिथे बसवले. नाव नीट झालं, हे मान्य आहे.

आता काळा मणी. तुम्ही लिहिता "कारण नसताना". तुम्हाला कसं माहीत की कारण नव्हतं? बावीसच्या बावीस ब्रेसलेटमध्ये एकेक, म्हणजे हात चुकून गेलेला नाही, आणि मैत्रिणीने विचारलं याचा अर्थ पोरीने त्यांना त्याबद्दल आधीच काहीतरी सांगितलेलं होतं. माझा एक अंदाज आहे, चूकही असेल. तुमचा धाकटा अडीच वर्षांचा, म्हणजे ती साडेपाचची असताना घरात बाळ आलं, बाळाच्या हातात काळ्या मण्यांच्या मनगट्या घातल्या असतील तुमच्या सासूबाईंनी, आणि तिने विचारलं असेल हे काय, तर कोणीतरी सांगितलं असेल, नजर लागू नये म्हणून. आता पोरगी मैत्रिणींसाठी हातातलं बनवून राहिली, तर ती काळा मणी घालणार नाही तर काय करणार! असंच असेल असं नाही. कदाचित तिला काळा आवडत असेल, कदाचित ती तिची सही असेल, चित्राच्या कोपऱ्यात करतात तशी. पण विचारल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही, आणि पूर्ण पत्रात तुम्ही तिला विचारलं असं कुठेच नाही.

राहिली गाठ. ती मात्र खरंच चूक होती, आणि तिथे तुमची काळजी रास्त आहे. बावीस पोरं, कोणाकोणाच्या घरी छोटं भावंडं, ब्रेसलेट तुटून मणी जमिनीवर सांडले तर उचलून तोंडात घालायला किती वेळ लागतो. मी हा माझा हिशेब सांगते, पटला तर घ्या: गाठ आणि माप हे मोठ्यांनी बघायचं, कारण ते नीट नसेल तर वस्तू तुटते, रंग आणि अक्षरं तिची, कारण ती वेगळी असली तरी काही तुटत नाही. आणि गाठसुद्धा रात्री लपून नाही, दिवसा तिच्यासोबत. "आपण सगळ्यांच्या गाठी पक्क्या करू" एवढं म्हटलं असतं तर ती स्वतः तुमच्या बाजूला येऊन बसली असती, तुम्ही गाठ मारा, तिने कात्री धरावी.

आता तुमच्या प्रश्नांकडे येते. सांगू की विसरू देऊ?

विसरू देण्याच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे, मी ते उडवून लावत नाही. पोरं खरंच पुष्कळ गोष्टी सोडून देतात, आणि काही आयांना प्रत्येक गोष्टीचा मोठा सोहळा करायची सवय लागलीय, पोराला समोर बसवून अर्धा तास सॉरी, मग आई रडते, मग पोरालाच तिची समजूत काढावी लागते. ते नको. पण विसरू द्यायला आधी गोष्ट लपलेली तरी पाहिजे ना. ती "आता तूच बनव" म्हणाली तेव्हाच तिला सगळं कळलं होतं, आता घरात दोघींना माहीत आहे आणि दोघी बोलत नाहीत, एवढंच चालू आहे. आणि इलास्टिक तुटलं होतं वगैरे काही सांगायचा विचार मनात आला असेल, तुम्ही तसं लिहिलं नाही पण मला वास येतो, तर कृपा करून ते करू नका.

सांगायचं तर दोन-तीन वाक्यांत सांगा, भांडी लावता लावता किंवा गाडीवरून येताना, डोळ्यात डोळे घालायची गरज नाही. "तुझे नऊ ब्रेसलेट मी रात्री सोडून परत ओवले. तुला विचारलं नाही. ते तुझे होते, मी हात लावायला नको होता." बास. यात 'पण' घालू नका. पण मला वाटलं लोकं हसतील, पण मी तुझ्यासाठीच केलं, पण गाठी सैल होत्या... 'पण' आला की माफी संपली आणि वकिली सुरू झाली. आणि लगेच "झालं ना आता, बनवते का परत?" हे विचारू नका, कारण मग तिला वाटेल माफी त्याच्यासाठीच होती. ती "हं" म्हणून निघून गेली तरी चालेल. दोन दिवसांनी कधीतरी वेगळं, सहज, काळ्या मण्याचं विचारा, आणि उत्तर आलं तर मध्ये बोलू नका.

सासूबाईंचं "हट्टी आहे" याच्याशी मी सहमत नाही, हट्टी पोरगी त्या पार्टीतच ओरडली असती. या पोरीने पाहुण्यांसमोर तोंड मिटून ठेवलं आणि रात्री डबा परत केला. हा हट्ट नाही, राजीनामा आहे. सासूबाईंशी वाद घालू नका मात्र, उलट मनगट्यांचं काय ते त्यांनाच नातीला सांगायला लावा, त्यांच्याकडे तुमच्यापेक्षा जास्त गोष्टी असतील.

दहा रुपयांचं. भाऊंना सांगा की हेतू चांगला आहे पण यात एक गडबड आहे. 1973 साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी बालवाडीतल्या पोरांवर एक प्रयोग केला होता, ज्यांना मार्करने चित्रं काढायला आपसूकच आवडायचं अशी पोरं घेतली, काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर बक्षीस देऊ, काहींना काही सांगितलं नाही. नंतर मोकळ्या वेळेत मार्कर समोर ठेवले तर बक्षीस कबूल केलेली पोरंच त्यांच्याकडे कमी वळली. म्हणजे जे फुकटात आवडत होतं त्याला भाव लावला की ते काम झालं. मी असं म्हणत नाही की पोरीने कधी विकूच नये, तिला स्वतःला राखीच्या वेळी सोसायटीत टेबल लावावंसं वाटलं तर खुशाल लावू दे, वीस रुपयांना एक आणि हिशेब तिचा. पण रुसलेल्या पोरीला दहा रुपये दाखवणं म्हणजे तिच्या रुसण्याची किंमत लावणं, आणि ती हुशार आहे, वीस मागेल.

बाराशेचं किट तर अजिबात आणू नका. त्या डब्यात मणी कमी नव्हते हो. आणि खरं सांगू का, मोठ्या किटमध्ये डबा मोठा असतो, आत बरीच हवा. पुढे कधी तिचं मन परत आलं तर तिला घेऊन इतवारीत जा, मणी आणि इमिटेशनवाल्यांच्या दुकानांत, तिथे सुटे मणी वजनावर, पाकिटावर मिळतात, किटच्या मानाने बरेच स्वस्त, आणि तिला स्वतःच्या हाताने निवडू द्या. सकाळी जा, संध्याकाळी गाडी लावायला जागा शोधण्यात जीव जातो. नुसते ए असलेलं पाकीट मिळालं तर घ्या, मात्र ते तिला विचारून, तिला उलटा व्हीच आवडत असेल कदाचित.

आता ज्या बाकीच्या आयाबाबांनी हे फक्त मण्यांसाठी वाचायला घेतलं त्यांच्यासाठी थोडं कामाचं, कारण याच महिन्यात मला अशाच किटवरून आणखी दोन पत्रं आलीत आणि दोन्हीत रडारड गाठीचीच आहे. किटमधलं इलास्टिक ओवायच्या आधी दोन्ही हातांनी चार-पाचदा ताणून घ्या, नाहीतर ते नंतर घातल्यावर ताणलं जातं आणि ब्रेसलेट सैल होऊन मधे दोरा दिसायला लागतो. आठ वर्षांच्या पोरीचं मनगट साधारण 13-14 सेंटीमीटर भरतं, दोऱ्याने मोजा आणि ब्रेसलेट त्याहून सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर मोठं ठेवा, इलास्टिक मात्र गाठीसाठी आणखी आठ-दहा सेंटीमीटर लांब कापा, बहुतेक जण इथेच कंजुसी करतात आणि मग बोटात टोकच येत नाही. दुसऱ्या टोकाला सेलोटेपचा तुकडा दुमडून लावा किंवा कपड्यांचा चिमटा, म्हणजे पंधरा मणी ओवून झाल्यावर सगळे खाली घरंगळत नाहीत आणि घरात किंचाळी ऐकू येत नाही. गाठीचं असं की इलास्टिक गुळगुळीत, साधी गाठ त्यात सुटतेच. पहिला पीळ घालताना टोक एकदाऐवजी दोनदा फिरवा, ओढा, मग उलट्या बाजूने आणखी एक, पुन्हा ओढा, डॉक्टर टाक्याला मारतात तशी गाठ. वर कपड्याला चालणाऱ्या गोंदाचा एक थेंब, रात्रभर वाळू द्या, टोकं दोन-तीन मिलिमीटर ठेवून कापा आणि गाठ शेजारच्या मण्याच्या भोकात सरकवा. झटकन चिकटणाऱ्या ग्लूचा मोह होतो, पण त्याने इलास्टिक कडक होऊन तिथेच तुटतं, शिवाय ते पोरांच्या हातात द्यायची गोष्टच नाही.

मणी ठेवायला इडलीपात्राची प्लेट झकास, खळग्याखळग्यात एकेक रंग, आणि खाली परातीत जुना टॉवेल घातला की पडलेला मणी उडत नाही. फक्त कूलरच्या थेट समोर बसवू नका, तो पातळ दोरा हवेत असा नाचतो की मोठा माणूस वैतागेल.

आणि तीन वर्षांखालचं लेकरू घरात असेल तर मणी टेबलावर, मोजून काढायचे, मोजून ठेवायचे. नाकात मणी गेला तर घरी पिन, चिमटी काही घालू नका, तो आणखी आत जातो, सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे. श्वास अडकल्यासारखा वाटला तर एक मिनिट न घालवता दवाखाना. चुंबकाचे छोटे मणी असलेलं किट घरात आणूच नका, दोन गिळले गेले तर पोटात आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना चिकटतात, ऑपरेशनपर्यंत जातं. 2021 च्या जानेवारीपासून 14 वर्षांखालच्या पोरांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, घेताना डबा उलटा करून तो बघा.

एक गोष्ट राहूनच गेली, ती तुम्हाला नाही, तुमच्या पोरीला सांगावीशी वाटते, तुम्ही वाचून दाखवा वाटलं तर. आपल्या नागपूरच्या बाजूला, काटोल रोडकडे, माहूरझरी नावाचं गाव आहे. तिथे दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीपासून लोक दगडाचे मणी बनवायचे, अकीक, स्फटिक, असे. 1970-72 मध्ये नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनी तिथे पुरातत्त्वाचं खोदकाम केलं, नंतरही झालं. तयार मणी मिळाले तसे अर्धवट घडवलेले पण मिळाले, नुसते ठोकून आकार दिलेले, कारागिराने सोडून दिलेले. आणि गंमत म्हणजे मणी कसा बनवत होते हे अभ्यासकांना त्या अर्धवट मण्यांवरून जास्त कळतं, गुळगुळीत झालेल्यावरच्या बऱ्याच खुणा पुसल्या जातात. तिथली एखादी आई रात्री जागून सगळं नीट करत बसली असती तर आपल्याला काही समजलंच नसतं. असो, विषय भरकटला.

येत्या पोळ्यापर्यंत तिने डबा मागितला तर ठीक, नाही मागितला तरी तिच्या मागे लागू नका. यंदा तान्ह्या पोळ्याला धाकट्यासाठी लाकडी बैल आणाल तेव्हा तो सजवायला तिच्या पुढ्यात नुसता ठेवून द्या, बोजारा, म्हणजे बैलाचा खाऊ-पैसे, मागायला भावासोबत तीच जाणार ना दारोदार. बैलाच्या एकाच शिंगाला मणी लागले तर तुम्ही स्वयंपाकघरात जा आणि भांडी घासा, मी तेच करायला हवं होतं.

आणि ते नऊ काळे मणी, ते तिचे आहेत, ते फेकू नका. कागदाच्या पुडीत बांधा, वर तिचं नाव लिहा आणि ज्या दिवशी बोलाल त्या दिवशी तिच्या हातात द्या. तोपर्यंत मात्र त्या ड्रॉवरमधून काढून कपाटाच्या वरच्या खणात ठेवा, आजच, धाकटा ड्रॉवर उघडायच्या वयाचा आहे.